बाप सोडून गेला, आई कडवट झाली आणि आपण मोठे झालो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये समुपदेशनाचं काम करतो. लोक हे प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवतात, बऱ्याचदा रात्री एक-दीडला, आणि सकाळी "सॉरी, असंच विचारलं" असा मेसेज येतो. शब्द बदलतात पण प्रश्न तेच असतात म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. मी स्वतः अशाच घरातला आहे: सिडकोत दोन खोल्या, आई साड्यांना फॉल-पिको करायची, मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले, मग पोटगीच्या तारखांना दर सोमवारी मला घेऊन ती सीबीएस बसस्टँडला उतरायची. त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका. कायद्याचं जे लिहिलंय ते ढोबळ आहे, तुमच्या केससाठी वकील गाठा. लोकांचे तपशील ओळख लागणार नाही इतके बदललेत.

१. राग आणि कडवटपणा यात फरक काय? आई तर कायमच चिडलेली असते.

राग येतो, भांडी आपटतो आणि उतरतो. कडवटपणा उतरत नाही, कारण त्याच्या तळाशी एक हिशोब असतो, की माझ्यावर अन्याय झाला, कुणी भरून दिला नाही, आणि मी विसरले तर तो सुटला. हे शेवटचं वाक्य नीट बघा. म्हणून तर तीस वर्षांनीही आई सांगते की तो गेला त्या दिवशी गॅस संपला होता आणि डब्यात एकशे चाळीस रुपये होते. आपल्याला ते उगाळणं वाटतं, तिच्यासाठी तो जपून ठेवलेला पुरावा असतो.

बर्लिनच्या मिखाएल लिंडेन या मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ मध्ये यावर लिहिलं. १९९० ला जर्मनी एक झाल्यावर ज्यांची नोकरी, मान, जागा गेली अशी माणसं त्यांच्याकडे यायची, इतर विषयांवर व्यवस्थित हसायची-बोलायची, पण "तो" विषय निघाला की चेहराच बदलायचा. आपल्या घरात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मात्र अधिकृत आजारांच्या यादीत हे वेगळं नाव म्हणून बसलेलं नाही, तेव्हा आईला जाऊन "तुला अमुक आजार आहे" असं सांगू नका, वाईट फटके बसतील.

२. माझं नुकसान बाप गेल्यामुळे झालं की आईच्या कडवटपणामुळे?

दोन्ही, पण वेगवेगळं. आणि आधी हे सांगतो की जी राहिली तिच्यावरच सगळं ढकलायची आपल्याकडे फार सवय आहे, कारण ती समोर आहे आणि तो नाही. पळून गेलेल्या माणसाला कुणी टोमणा मारू शकत नाही.

जुडिथ वॉलरस्टाईन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७१ पासून घटस्फोट झालेल्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा २५ वर्षं पाठपुरावा केला. त्यांचं म्हणणं असं की खरा फटका लहानपणी नाही, मोठेपणी जोडीदार निवडताना दिसतो. त्यावर टीकाही झाली, नमुना छोटा, घरं खातीपिती. तिथल्याच दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी जवळजवळ १,४०० कुटुंबं पाहिली आणि त्यांना साधारण चारातली तीन मुलं पुढे ठीकठाक निघालेली दिसली. ही घरं तिकडची आहेत, तिथे फारकत कागदावर होते, आपल्याकडे अर्ध्या घरांत ती होतच नाही (प्रश्न ३). पण माझ्या अनुभवातही एक गोष्ट जुळते, की वडील गेले तरी ज्या घरात मुलाला बाजू घ्यायला लावलं नाही तिथली मुलं सुटसुटीत मोठी झाली.

३. वडील वारले नाहीत, घटस्फोटही नाही, फक्त परत आले नाहीत. मग आम्ही नक्की काय आहोत?

अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांचा अभ्यास केला, तिथून अशा दुःखाला वेगळं नाव मिळालं. माणूस नाही पण गेलाही नाही, त्यामुळे रडायची तारीखच नाही. तेराव्याला निदान पाहुणे येतात, इथे कुणी येत नाही. आई मंगळसूत्र घालते, हळदी-कुंकवाला काही घरांतून बोलावणं येतं काहींतून नाही, आणि शाळेत "वडील काय करतात" या रकान्यात काय लिहायचं ते दरवर्षी नव्याने ठरतं. मी "बाहेरगावी" लिहायचो.

कायद्यात म्हणाल तर, ज्यांना सहज कळलं असतं अशा लोकांना माणूस हयात असल्याचं ७ वर्षं काहीच कळलं नाही तर तो मृत धरता येतो, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. बऱ्याच आया जात नाहीत. मी आईला एकदा सुचवलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मीच त्याला मारू?"

४. मोठेपणी हे कुठे दिसतं? मला तर वाटतं मी एकदम नॉर्मल आहे.

असालही. पण लोक जे सांगतात ते असं. कुणाची मदत मागता येत नाही, ताप एकशे तीन असला तरी स्वतः रिक्षा करून दवाखान्यात जाणार. पैसे साठवतात पण कशासाठी ते माहीत नाही. नवरा अर्धा तास उशिरा आला तर जेवण थंड होण्याची काळजी नसते, तो आता येणारच नाही अशी पोटात कळ येते, आणि तो आला की आनंदाऐवजी भांडण. एकाने अंबडच्या कंपनीतून पुण्याला बदली आणि मोठं प्रमोशन तीनदा नाकारलं, प्रत्येक वेळी कारण वेगळं दिलं, प्लॉट, डास, ट्रॅफिक, पण खरं कारण एवढंच की बॅग भरून उंबऱ्याबाहेर पडणारा पुरुष त्याच्या घरात एकच होऊन गेला होता आणि त्याला दुसरा व्हायचं नव्हतं.

आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं: आनंदाची लाज. मुलगी नवऱ्याबरोबर फिरायला जाते, फोटो काढते, आणि आईला पाठवत नाही. पाठवलाच तर त्याच्याबरोबर एखादी तक्रारही जोडते, "हॉटेल काही खास नव्हतं गं". आईचं वाळवंट आणि आपली बाग असं दिसू नये म्हणून आपणच आपल्या झाडांना पाणी कमी घालतो.

५. "अगदी बापावर गेलायस" हे वाक्य अजून लागतं. मी पंचेचाळीसचा आहे.

लागणारच. तुमचं नाक, चालणं, जेवताना मान वाकडी करणं हे आईच्या डोळ्यांसमोर रोज त्या माणसाला उभं करतं, त्यात तुमचा दोष शून्य. पण मुलगा त्यातून असं शिकतो की माझ्यातला अर्धा भाग वाईट आहे आणि तो दाबून ठेवायचा. मग एक तर तो अतिचांगला होतो, कुणाला नाही म्हणता येत नाही, किंवा चिडून म्हणतो की ठीक आहे, तसाच होऊन दाखवतो. दारू घेऊन घरी आल्यावर "रक्तच तसं" म्हणणारे मला भेटलेत. रक्तात पळून जाणं नसतं हो. शुगर असू शकते, ती तपासून घ्या.

६. सगळीकडे नावाच्या मधोमध वडिलांचं नाव आहे. बदलता येतं का, बदलावं का?

हा प्रश्न मराठी माणसालाच कळेल. बाप घर सोडून गेला तरी नावातून जात नाही, दहावीच्या सर्टिफिकेटपासून बँकेच्या पासबुकापर्यंत मधल्या खोलीत बसून असतो. आईचंही तेच, ज्याने टाकलं त्याचंच नाव घेऊन ती रेशनच्या रांगेत उभी राहते. एक बाई म्हणाल्या, सही करताना मी मधलं अक्षर इतक्या जोरात दाबते की मागच्या पानावर उमटतं.

बदलता येतं. राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा, ज्याला सगळे "गॅझेट करणं" म्हणतात, मग त्यावरून आधार, पॅन, बँक एकेक करत जायचं, वेळखाऊ पण अवघड नाही. पासपोर्टच्या अर्जात डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आता आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं येतं.

बदलावं का, तर भांडणानंतरच्या आठवड्यात नको. सहा महिने थांबा. तरीही वाटलं तर करा. फक्त आईला खूश करायला करत असाल तर सांगून ठेवतो, ती दोन दिवस खूश होईल.

७. लहानपणापासून आईचं सगळं मीच ऐकतो, मीच निस्तरतो. आता दमलोय. हे म्हणणं पाप आहे का?

नाही. आपल्याकडे याचं कौतुक होतं, "एवढासा होता पण घरचा कर्ता झाला". नऊ-दहा वर्षांचं पोर किराणा, लाईट बिल, आईचं रडणं, मामाचा टोमणा सगळं सांभाळतं आणि शेजारी उदाहरण देतात.

बोझोर्मेन्यी-नाज नावाचे हंगेरीत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ होते, अमेरिकेत काम केलं. ते म्हणायचे की घराची एक खतावणी असते, कुणी कुणाचं किती देणं लागतो त्याची, आणि खरा देणेकरी हाताला लागला नाही की वसुली भलत्याकडून होते. मला आमचं घर या एका कल्पनेने उलगडलं. बाप बुडवून गेला. आईने ते माझ्याकडून घेतलं, वेळ, लक्ष, निष्ठा, आणि मी ते माझ्या बायकोकडून वसूल करायला लागलो, जिने आमच्या घरातून कधी एक रुपया उचललेला नव्हता.

तेव्हा फरक एवढाच करायचा: आईला सांभाळणं हे तुमचं काम आहे, तिची केस लढणं नाही. औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, दिवाळीची साडी, रोजचा फोन हे सगळं करा. बापाला शिव्या घालण्यात साथ देणं त्या यादीत नाही. रोजच्या बोलण्यात हे कसं जमवायचं ते प्रश्न १३ मध्ये.

८. बायको म्हणते तुझं लग्न आईशीच झालंय. आणि माझ्या बहिणीचं उलटं, ती नवऱ्याचा फोन तपासते.

एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा आहेत या. मुलाला वाटतं मी बायकोच्या बाजूला झुकलो तर आईला दुसऱ्यांदा टाकल्यासारखं होईल, म्हणून तो तिथेच रुतून बसतो. मुलीला आईने "पुरुषाचा भरवसा धरायचा नाही" हे दुधाबरोबर पाजलेलं असतं. त्यात शहाणपण आहेच, स्वतःची नोकरी, स्वतःचं खातं हवंच, पण फोन तपासून भरवसा येत नाही. आज काही सापडलं नाही तर उद्या पुन्हा तपासावं लागतं. बहिणीच्या नवऱ्याला सगळी हकीकत माहीत आहे का? बऱ्याचदा "सासरे नाहीत" एवढंच सांगितलेलं असतं. एकदा पूर्ण सांगू द्या. गोदाघाटावर फिरता फिरता सांगितलं तर बरं, समोरासमोर टेबलावर बसून जड जातं.

९. लग्नपत्रिकेत वडिलांचं नाव टाकायचं का? कन्यादान कोण करणार?

आईच्या नावाने पत्रिका छापा, निमंत्रक म्हणून मामा-मामी. कन्यादान मामा-मामी, काका-काकू कुणीही करतात, आणि एकट्या आईने केलेलंही मी पाहिलंय, पंचवटीतल्या गुरुजींनी चूं केलं नाही. त्या माणसाला बोलवायचं की नाही हे मात्र ज्याचं लग्न त्याने ठरवायचं. मांडव ही हिशोब चुकते करायची जागा नाही, आईसाठीही नाही आणि बापासाठीही नाही.

१०. मला वडिलांना एकदा भेटायचंय. आईला सांगू की लपवून जाऊ?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. माझं मत: भेटा, आणि आईला सांगा, पण परवानगी मागू नका. विचारलंत तर तुम्ही तिला न्यायाधीश केलंत. लपवलंत तर नाशिक अजून इतकं मोठं झालेलं नाही, कॉलेज रोडला बसलात तरी कुणाचा तरी मावसभाऊ बघणारच. सांगायचं असं की "मी रविवारी भेटणार आहे, तुझ्यावर राग म्हणून नाही, मला दोन गोष्टी विचारायच्यात". ती म्हणेल, जा, तिकडेच रहा. दोन-तीन दिवस जेवणार नाही. तुम्ही घरी परत आलात हेच तिला उत्तर आहे.

भेटीकडून फार धरू नका. मी भेटलो तेव्हा समोर एक साधा म्हातारा होता, मिसळीत दही घालून खाणारा, ज्याला माझी इयत्ता आठवत नव्हती. तीस वर्षं आमच्या घरात जो राक्षस राहत होता तो हा नव्हे. दुःख झालं, खोटं कशाला बोलू, त्या राक्षसाची निदान सवय होती.

त्यांची बाजू ऐकाल तर "तुला आईने भरवलंय" हे येणारच. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये एका पालकाने मुलाला दुसऱ्याविरुद्ध फितवण्याला आजारासारखं नाव दिलं, त्यावर अजून जोरदार वाद आहे. आणि जो स्वतः उठून गेला, फी भरली नाही, वाढदिवसाला फोन केला नाही, त्याने हे म्हणणं जरा जास्तच. ऐका आणि सोडून द्या. एका वकिलीतून सुटून दुसऱ्याची घेऊ नका.

११. आता तेच वडील म्हातारपणी पोटगी मागतायत. द्यावीच लागते?

लागू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (१ जुलै २०२४ आधी ते सीआरपीसीचं १२५ होतं) स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील कमावत्या मुलाकडे पोटगी मागू शकतात. लग्न झालेल्या मुलीकडेही, हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच सांगितलंय. शिवाय २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात अर्ज प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात जातो आणि मूळ कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत आदेश होतो. "ज्याने मुलांना टाकलं त्याला मिळणार नाही" असं कलम १४४ मध्ये लिहिलेलं नाही, पण तुमची हकीकत आणि कागद समोर ठेवा, नोटीस आली की गप्प बसू नका.

एका ताईंनी काय केलं सांगतो. त्यांनी दोन हजार रुपये महिना ठरवून घेतला, बँकेतून थेट, भेट नाही. आईला सांगितलं की हे मी त्याला देत नाहीये, माझी झोप विकत घेतेय. आई सहा महिने बोलली नाही.

१२. वडिलांच्या दुसऱ्या घरची मुलं आहेत. निफाडच्या जमिनीत त्यांचा हिस्सा? आई म्हणते एक गुंठा सोडायचा नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं रद्दबातल. पण त्या लग्नातली मुलं कायद्याने औरस मानली जातात, आणि सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२३ च्या निकालाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीतला जो भाग वडिलांच्या वाट्याला येतो त्यात त्यांना हिस्सा मिळतो, तुमच्या जन्मसिद्ध वाट्यात नाही. मुलीलाही मुलाइतकाच वाटा, हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल. स्वतः कमावलेलं मात्र वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. घटस्फोट झालेला नसेल तर आईही वारस आहे. आधी सातबारा आणि फेरफार काढा, नंतर भांडा.

आणि ती मुलं. त्यांनी तुमचा बाप चोरलेला नाही, त्यांना तो तसाच मिळाला. द्राक्षबागेच्या बांधावर पहिल्यांदा भेटलेल्या दोन सावत्र भावांना एकमेकांचं हसणं सारखं आहे हे कळलं तेव्हा दोघंही कसनुसे झाले, मी तिथे होतो. मैत्री झाली नाही. खटला मात्र टळला.

१३. आई सत्तरीची आहे. रोज फोनवर तोच पाढा. थांबवता येईल का?

पूर्ण नाही. कमी करता येतो. "पुरे झालं आता" म्हटलंत की ती दुप्पट सांगणार, कारण तिला ऐकू येतं की हा पुरावा मानत नाही. त्याऐवजी एकदा, मन लावून, शेवटपर्यंत ऐका आणि म्हणा, "तुझ्यावर अन्याय झाला, मला मान्य आहे". माझ्या आईला हे वाक्य कुणी म्हटलंच नव्हतं, माहेरने नाही आणि कोर्टानेही नाही. त्यानंतर हळूच विषय बदलायचा, तिच्या हातातल्या कामाकडे. वाटण कसं करायचं ते विचारा, चालतं.

झोप गेली, जेवण तुटलं, "जगून काय करू" सुरू झालं तर मात्र तो कडवटपणा म्हणून सोडू नका. सिव्हिल हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

१४. नातेवाईक म्हणतात आईने माफ करावं, सीतेसारखं सोसावं.

नाशिकमध्ये हे हमखास ऐकू येतं, सीतागुंफेची रांग पाहून आलेलं कुणीतरी बोलतंच. सीतेने मुलांना बापाविरुद्ध वाढवलं नाही हे खरं, लव-कुशांनी रामासमोरच रामायण गायलं. पण बोलावणं आल्यावर ती परत नांदायला गेली नाही, धरणीत गेली. हा भाग सांगताना सगळे घाईत पुढे सरकतात. माफी ही आईची मालमत्ता आहे, तुम्ही ती वाटू नका.

१५. आमच्याकडे उलटं झालं. आई गेली, बाप कडवट झाला.

वरचं बरंचसं लागू आहे, पण दोन फरक. सोडून गेलेल्या बाईला गाव जास्त शिव्या देतं, त्यामुळे मुलाला आईची आठवण काढायचीही चोरी. आणि बाप बोलत नाही. आईचा कडवटपणा कानावर पडतो तरी, बापाचा ताटावर पडतो, भाजी बाजूला सारणं, दार आपटणं, नाहीतर बाटली. अशा घरातल्या मुलींना घरात कुणी गप्प झालं की छातीत धडधडतं. त्यांना मी एवढंच सांगतो की नवऱ्याला विचारा, "तू गप्प आहेस की चिडलायस?" नव्वद टक्के वेळा त्याला भूक लागलेली असते. (टक्केवारी माझी, मनातली.)

१६. वडील वारल्याचं परस्पर कळलं. रामकुंडावर काही करायचं का?

अख्ख्या महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात आणि आपण दहा मिनिटांवर राहून तिथे उभं राहायला कचरतो. करायलाच हवं असं नाही, पाप वगैरे लागत नाही. पण एकजण सांगत होता, तो पितृपक्षात नुसता पायऱ्यांवर जाऊन बसला, पिंड नाही, गुरुजी नाहीत, तासभर. गुरुजींनी विचारलं कुणाचं करायचंय, त्याला गोत्र सांगता आलं, नाव सांगताना आवाज फुटला, आणि ते तर त्याच्या स्वतःच्या नावात रोज येतं. आईला सांगितलं नाही. हे एक लपवलं तर चालतं असं मला वाटतं, प्रश्न १० च्या विरुद्ध आहे हे माहीत आहे.

१७. आजी नातवासमोरही आजोबांना शिव्या घालते. काय करू?

नातवाला बाहेर पाठवा किंवा तुम्ही बोला, पण आजीला नातवासमोर झापू नका. पोराने विचारलं तर वयाला झेपेल इतकं खरं सांगा, "आजोबा सोडून गेले, आजीला फार कष्ट पडले". ते देवाघरी गेले असं सांगू नका, एखाद्या लग्नात समोर येतील.

१८. हे सगळं आईला वाचायला देऊ का?

मी तर म्हणेन नको. माझ्या आईने मात्र वाचलं, भाच्याने दाखवलं, फोनवर अक्षर मोठं करून, दोन दिवस लावून. मला वाटलं आता खतावणीवरून, मिसळीवरून ऐकून घ्यावं लागणार. तिने फोन केला आणि म्हणाली की पोटगीच्या तारखा सोमवारी नसायच्या, मंगळवारी असायच्या, नीट लिही. मी वर बदललेलं नाही. सोमवारच होता.